पाच फुटांचा उतार

मा. गृहनिर्माण मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी मला सरकारी योजनेतल्या घराची चावी मिळाली. हार घातले, फोटो काढले. साहेबांच्या गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत मी माझ्याच दारात व्हीलचेअरसकट उताणा पडलो. कोपराला सात टाके पडलेत, म्हणून मी सांगतोय आणि मुलगी लिहितेय.

नऊ वर्षांमागं परांचीवरून पडलो आणि कमरेखाली सगळं गेलं. त्याआधी वीस वर्षं गवंडीकाम केलंय, तेव्हा उतार कसा काढतात ते मला कुणी शिकवू नये. फूटभर चढायला बारा फूट लांबी. सरकारी नियमही तोच. माझ्या घराचं जोतं दोन फूट, म्हणजे उतार हवा चोवीस फूट. बांधलाय पाच! वर सिमेंट असं घोटलंय की मांजरही घसरेल. संडासाचं दार चोवीस इंच, खुर्ची पंचवीस. एका इंचापायी मी फरशीवरून सरपटत जायचं. ग्रामसभेत दोनदा शब्द दिला होता, 'तुमच्या सोयीनं बांधू.' मंजुरीपत्र कन्नडात आलं, शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं. त्यात 'अपंगांसाठी' असं लिहिलंय म्हणे.

२०१६च्या अपंग हक्क कायद्यात घरांच्या योजनांत आम्हाला ५ टक्के वाटा आहे. वीस घरांमागं एक. आमच्या तालुक्यात मोजून दाखवा. २०११च्या जनगणनेत राज्यात १३ लाखांवर अपंग होते. आता वीस तरी झाले असतील, मोजतंय कोण? तुमची खुर्ची दर निवडणुकीला हलते साहेब, माझी दारातच अडते.

बेळगावात २०१२ला सुवर्ण विधानसौध उभा केलात, तोही हिवाळी अधिवेशनाच्या मोजक्या दिवसांसाठी. तिकडं महाराष्ट्र २००४पासून सुप्रीम कोर्टात ८६५ गावं मागतोय. गाव आमचं म्हणायला दोन सरकारं भांडतात, माझ्या पायरीवर मात्र कुणाचाच दावा नाही. भाषेवरून फलक फोडायला माणसं लगेच गोळा होतात. मी पडलो तेव्हा उचलायला बायको आणि एक दूधवाला.

अधिवेशनाला याल तेव्हा खानापूरच्या रस्त्यानं थोडं पुढं या. हार नको. वाळू, सिमेंट आणि दोन माणसं पाठवा. सूत मी बसल्या जागेवरून धरतो. ओळंबा अजून जपून ठेवलाय.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक गवंडी