इंजिन मोडण्यासाठीही तरतूद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय नौदलाने २ एप्रिल २०२५ रोजी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीला ६ मेगावॉट क्षमतेचे मध्यम गतीचे सागरी डीझेल इंजिन विकसित करण्याचे काम दिले. प्रकल्पाचा खर्च २७० कोटी रुपये असून त्यातील ७० टक्के वाटा केंद्र सरकार उचलणार आहे आणि ३ ते १० मेगावॉट श्रेणीतील इंजिनांचे सविस्तर डिझाइनही याच कामात अपेक्षित आहे. मोठ्या इंजिनांच्या डिझाइन विभागात तीसहून अधिक वर्षे काढलेला माझ्यासारखा माणूस ही बातमी आनंदाने वाचणारच. मात्र प्रोटोटाइप, म्हणजे इंजिनाचा पहिला नमुना, सुरू झाला की काम फत्ते झाले, असा जो सूर त्यावरील गप्पांत ऐकू येतो, तो मला काळजीत टाकतो.

मोठी इंजिने आपण आजवर बांधली नाहीत असे नाही. वाराणसीच्या कारखान्यात १९६४पासून अमेरिकी ‘आल्को’ कंपनीच्या परवान्यावर रेल्वेची डीझेल इंजिने तयार होऊ लागली, तर नौदलाच्या कामोर्ता वर्गातील युद्धनौकांवरची पिलस्टिक इंजिने याच पुण्याच्या कंपनीने फ्रेंच डिझाइनवरून बांधली. परवान्याबरोबर ड्रॉइंग येते, मापे येतात, कोणते पोलाद वापरायचे आणि त्याला कोणते उष्णतोपचार द्यायचे हेही कळते. पण ते माप तेवढेच का, हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. आम्ही एकदा परवाना देणाऱ्या परदेशी कंपनीला कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, म्हणजे क्रँकशाफ्टशी, जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट विशिष्ट क्रमानेच का आवळायचे, असे लिहून विचारले होते. उत्तर एका ओळीचे आले : कृपया ड्रॉइंगप्रमाणे करावे. त्यात त्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही. ते ‘का’ त्यांनी स्वतः किंमत मोजून मिळवले होते आणि आम्ही त्याचे पैसे दिलेले नव्हते.

ती किंमत पुढे आम्हीही मोजली. स्वतः डिझाइन केलेले आमचे पहिले मोठे इंजिन टेस्ट बेडवर (चाचणीच्या मंचावर) काही शे तास उत्तम चालले आणि एका पहाटे एक कनेक्टिंग रॉड क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचे कवच, फोडून बाहेर आला. तेल जमिनीवर, तुकडे भिंतीपाशी, आणि पाळीवरचा ऑपरेटर केवळ दैव बलवत्तर म्हणून काचेमागच्या खोलीत होता. संगणकावरच्या सगळ्या आकडेमोडीत तो रॉड सुरक्षित होता. पाच महिने तुकडे पारखल्यावर कळले की बेअरिंगचे शेल (रॉडच्या टोकात बसणारे पातळ धातूचे अस्तर) आपल्या घरात हवे तेवढे घट्ट बसत नव्हते आणि प्रत्येक स्फोटाबरोबर ते किंचित, डोळ्याला न दिसणारे असे, सरकत होते. त्या घासण्याने पोलादावर बारीक खड्डे पडले, खड्ड्यातून तडा गेला आणि तडा तेलाच्या भोकापर्यंत पोहोचला. उपाय एका मिलिमीटरच्या काही शतांशांचा होता. ड्रॉइंगवरचा तो आकडा आता मला झोपेतही आठवतो आणि तो तेवढाच का आहे, हेही सांगता येते.

अभियांत्रिकीबाहेरच्या वाचकांसाठी थोडा हिशेब देतो. २८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट) दाब आला, म्हणजे सुमारे सव्वाशे टनांचा भार पडला. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक (दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होणाऱ्या) इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये हा घाव मिनिटाला ५०० वेळा बसतो, म्हणजे अखंड चालणाऱ्या इंजिनात चौदा दिवसांत एक कोटी वेळा. पोलाद थकते ते अशा घावांच्या संख्येने, आणि कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) पोटात दडलेला दोषही त्यातूनच उघडा पडतो. त्यामुळे इंजिन सुरू झाले त्या दिवशी डिझाइनरला फारसे काही कळलेले नसते. खुद्द रुडॉल्फ डीझेल याने ऑग्सबर्गच्या कारखान्यात १८९३ साली चाचण्या सुरू केल्या. २० अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे इंजिन समाधानकारक चालायला १८९७ उजाडले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. २७० कोटींच्या हिशेबात एकाच प्रोटोटाइपचा विचार झाला असेल, तर दुसऱ्या इंजिनाची, सुट्या क्रँकशाफ्टची, एक-सिलिंडर चाचणी इंजिनाची आणि टेस्ट बेडवरच्या हजारो तासांच्या इंधनाची तरतूद वेगळी व्हावी, आणि एखादा भाग मोडला तर लेखापरीक्षकाने त्यावर ‘अपव्यय’ असा शेरा मारू नये. प्रोटोटाइपमध्ये देशी वाटा ५० टक्क्यांहून अधिक असेल, असे जाहीर झाले आहे. तो वाटा किमतीत मोजला, तर वजनदार क्रँककेस देशी ठरून आकडा सहज गाठता येईल आणि टर्बोचार्जर (सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबणारे यंत्र) व इंधनप्रणालीचे ज्ञान मात्र परदेशातच राहील.

तरुण अभियंत्यांचाही प्रश्न आहे. पुण्यात परदेशी कंपन्यांच्या तांत्रिक केंद्रांत हजारो हुशार मुले इंजिनांचे विश्लेषण करतात. पगार चांगला, काम स्वच्छ, पण एकाने सिलिंडर हेडचा कोपरा पाहायचा, दुसऱ्याने पाइपचा कंस, आणि ते इंजिन सहा हजार किलोमीटरवर कुठेतरी चालते. ती मुले अशा प्रकल्पात यायला हवी असतील, तर त्यांना आठ-दहा वर्षे एकाच इंजिनाबरोबर राहण्याची हमी आणि त्या काळात न खुंटणारी पगारवाढ द्यावी लागेल. रेल्वेत हे काही प्रमाणात घडले : माणसे टिकली, म्हणून ‘आल्को’चे मूळ २६०० अश्वशक्तीचे इंजिन पुढे ३१०० अश्वशक्तीपर्यंत नेता आले.

आपणास एक विनंती. या इंजिनाच्या पहिल्या चाचणीचे छायाचित्र आपण छापालच. त्यानंतर वर्षभराने आपल्या वार्ताहराने पुन्हा तिथे जावे आणि इंजिन किती तास चालले, काय मोडले आणि ते का मोडले, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

आपला,
एक निवृत्त डिझाइन अभियंता, पुणे