रमाबाईंची मुक्ती आणि वल्हांडणाची भाकर

संपादक महोदय,

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. दरवर्षी त्या दिवशी वर्तमानपत्रांत दोन-चार ओळी येतात : संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या कैवारी, विधवांसाठीच्या शारदा सदन या शाळेच्या संस्थापक. सगळे खरे आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण ज्या श्रद्धेवर हे सारे आयुष्य उभे राहिले, ती 'पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला' एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकली जाते, तीही एखादी चूक झाकून न्यावी तशी. माझ्या आजीची आई रमाबाईंनी केडगावला निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

दुष्काळात आईबाप गमावलेली पोर ती. मुक्तीत तिला अक्षरओळख झाली आणि पुढे तिथल्याच छापखान्यात ती खिळे जुळवू लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर अशाच मुलीबायांच्या हातून छापले गेले. पणजीची एक सवय आमच्या घरात अजून टिकून आहे. ताटात भाकरीचा तुकडा उरू द्यायचा नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ चर्चमध्ये भाकर वाटून खाण्याच्या रविवारी चर्चला निघताना आजी आम्हाला सांगायची, "नीट हात पुढे करून घ्या. ही सुटकेची भाकर आहे."

हे म्हणणे तिच्या पदरचे नव्हते. येशूने शिष्यांसोबत घेतलेले शेवटचे जेवण वल्हांडण सणाचे होते. मिसर देशात गुलामीत पिचलेले इस्राएल लोक ज्या रात्री सुटले, त्या रात्रीची आठवण म्हणजे वल्हांडण. घरोघरी कोकरू मारले, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि पीठ फुगायचीही वाट न बघता बेखमीर भाकरी घेऊन लोक बाहेर पडले. तीच भाकर मोडून येशू म्हणाला, हे माझे शरीर आहे. "माझ्या स्मरणार्थ हे करा". दुसऱ्या दिवशी त्याला वधस्तंभावर खिळले. म्हणून आम्हाला बलिदान आणि सुटका हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. आणि आमच्याकडे स्मरण हे भाषणाने होत नाही, एका पंगतीला बसून खाण्याने होते.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७४ च्या सुमारास आईवडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत उपासमारीने खंगून गेली. शास्त्र्याच्या घराला मजुरी ठाऊक नव्हती आणि हात पसरायची लाज वाटत होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि विधवा त्यांनी स्वतः जाऊन आणल्या, त्यामागे ही भूक होती. १९०० साली गुजरातेतूनही आणल्या. वेगवेगळ्या जातींच्या त्या पोरी केडगावात एकत्र जेवल्या. मला हेच खरे प्रभुभोजन वाटते.

आणखी एक गोष्ट क्वचितच छापली जाते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सनी (मठात राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींनी) त्यांना लंडनजवळ फुलम येथील एका आश्रमात नेले. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे मायेने शुश्रूषा चाललेली बघून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकायला मिळाली : लोक जिला हलकी समजत, तिच्याशी येशू आपणहून बोलला. आपल्याला हवे होते ते इथे आहे, अशी खूण पटली ती त्या क्षणी, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मुक्तीत अशाच स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. शोमरोनी बाई वगळून कृपा सदन कसे समजावून सांगणार?

पण यात आम्हा ख्रिस्ती लोकांचाही दोष आहे, तो कबूल केला पाहिजे. आम्ही रमाबाईंची तसबीर लावतो आणि त्यांचे स्वातंत्र्य विसरतो. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी सिस्टर्सना स्पष्ट कळवले होते. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारले होते. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. आज एखाद्या तरुण मुलीने वडीलधाऱ्यांना चर्चमध्ये असा प्रश्न विचारला, तर आम्ही तिला बसवून ठेवू, ही खंत मला आहे.

मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून पुण्यात १८९३ साली शारदा सदनाविरुद्ध वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची धास्ती मला समजते, तो काळच तसा होता. आणि हेही विसरू नये की जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली होती. त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही ते करायला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. वर्षाच्या आतच, १९२२ च्या ईस्टरला अकरा दिवस उरले असताना, रमाबाईही गेल्या. त्यांचे बायबल पुढे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येत्या ५ एप्रिलला आपण कृपया एक वार्ताहर केडगावला पाठवावा. पुणे–दौंड मार्गावरचे ते स्टेशन आहे. रमाबाईंची कबर तिथेच आहे आणि निराधार बायका-मुलांना आजही तिथे आसरा मिळतो. वार्ताहराने त्यांच्यासोबत जेवावे आणि मग लिहावे.

आपली,
एक वाचक, पुणे