संक्रांतीच्या पानातली फळे

पुणे, २ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संत्र्यांची पेटी परवा सकाळी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून आणली. गवत बाजूला सारून एकेक फळ चाचपून पाहिले, तेव्हा वरच्या थरातली तीन दबलेली निघाली. बाकीची ठणठणीत आहेत. पेटीत आईची चिठ्ठीही मिळाली. भोगीच्या आदल्या दिवशी पोहोचतो, पण आमच्यासाठी फळांचे काही करू नकोस, बाबांच्या कवळीला पेरू आणि बोरे चालत नाहीत, गोडावर बंधन आहे आणि थंड संत्र्याने माझ्या दातांत कळ जाते, असे तू लिहिले आहेस. वाचून वाईट वाटले आणि थोडा रागही आला. आपल्या घरी सणाच्या पानात फळ म्हणून नुसती फोड कधी पडली? तुळशीच्या लग्नाला बोर, चिंच आणि आवळा मांडवाखाली ठेवायचा, पण जेवताना फळ यायचे ते कोशिंबीर होऊन, पंचामृत होऊन, नाहीतर भात होऊन. चावण्याचा त्रास आहे तो कच्च्या फळाचा. तेव्हा तुमची सूचना मी मोडणार आहे. कशी, ते सविस्तर लिहिते.

आधी पेरू, कारण बाबांनी तो सोडून दोन वर्षे झाली. त्रास गराचा नाही, बियांचा आहे. त्या कवळीखाली जाऊन बसतात आणि हिरडीला टोचतात. म्हणून अर्धवट पिकलेला पेरू उभा चिरून, मधला बियांचा गोळा चमच्याने काढून घ्यायचा आणि बाहेरच्या घट्ट भिंतीच्या बोराएवढ्या फोडी करायच्या. आजवर तो मधला भाग मी फेकून देत होते, आणि पंचामृताला पेरूचा वास का येत नाही म्हणून कोड्यात पडत होते. वास त्या बियांभोवतीच्या मऊ गरातच असतो. आता तो गोळा दोन चमचे पाणी घालून पुरणाच्या चाळणीवर घासते. बिया वर राहतात आणि खाली दाट, गुलाबीसर लगदा उतरतो. तेलात मोहरी, हिंग, मेथीचे चार दाणे आणि हिरवी मिरची घालून त्यावर फोडी परतायच्या, त्या मऊ झाल्या की चिंचेचा कोळ, दाण्याचे आणि तिळाचे कूट, आणि शेवटी हा लगदा. लगद्याचा गोडवा असल्यामुळे गूळ निम्मा पुरतो. रविवारी करून पाहिले. फोड जिभेने टाळूवर दाबली तरी फुटत होती. बाबा, तुम्हांला आवडेल म्हणून सांगते: बाजारात ज्याला सरदार म्हणतात तो ‘लखनऊ-४९’ नावाचा पेरू लखनऊत तयार झालेलाच नाही, १९२७ साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी तो इथे पुण्यातच, गणेशखिंडीच्या बागेत निवडला. नाव मात्र लखनऊचे लागले. पुणेकरांनी त्याबद्दल तक्रार कशी केली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

भोगीच्या भाजीत आई वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा आणि पावट्यांबरोबर अख्खी बोरे आणि उसाचे करवे टाकत असे. बाबांच्या पानात आठळी येणे आता बरे नाही. मी बोरे वेगळी, बुडतील एवढ्या पाण्यात उकडून, हाताने कुस्करून आठळ्या काढणार आहे आणि तो आंबटगोड गर भाजी उतरवण्याच्या आधी मिसळणार आहे, म्हणजे तिळाच्या कुटाला जो आंबटपणा लागतो तो बोरांचाच राहील. ऊस घालणार नाही. सुगडात मात्र बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि ओंब्या अख्ख्याच राहतील. तिथे कोणाला चावायचे नाही.

आवळ्याचे काम सर्वांत सोपे निघाले. मोरावळा तुमच्यासाठी बंद आहे, म्हणून आवळेच आणायचे नाहीत असे मी ठरवून टाकले होते. पण मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवले की आवळ्याच्या पाकळ्या आपोआप सुटतात आणि बी हातात येते. त्या कुस्करून, घोटलेल्या ताज्या दह्यात मीठ, जिरेपूड आणि मिरची घालून कालवल्या की रायते तयार. साखरेचा कणही लागत नाही. वाफवल्याने त्यातले ‘क’ जीवनसत्त्व थोडे कमी होते हे खरे, पण न खाण्यापेक्षा ते बरे.

आता संत्र्याच्या भाताविषयी, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतले. गेल्या संक्रांतीला मी तो केला आणि फोनवर तुम्हांला छान झाला असे सांगितले. ते खोटे होते. भात कडू झाला होता. सासरची सहा माणसे पानावर होती, प्रत्येकाने एकेक घास घेतला, भात पानाच्या कडेला सारला आणि वरण फार छान झाले आहे म्हणून माझी समजूत घातली. मी संत्री सोलून मिक्सरमधून काढली होती, तो रस सकाळपासून तसाच ठेवला होता आणि साखरेबरोबर दहा मिनिटे उकळला होता. सालीवर संशय घेऊन सबंध वर्ष गेले. नंतर वाचनात आले, तेव्हा कारण समजले: संत्र्याच्या बियांत आणि फोडींवरच्या पापुद्र्यात असा एक पदार्थ असतो, जो फळात असताना कडू लागत नाही, पण फळ चिरडले आणि तो रसाच्या आंबटपणात मिसळला की हळूहळू त्याचे लिमोनिन होते, आणि ते कडू असते. रस ठेवला तर काही तासांत, उकळला तर त्याहून लवकर. मी दोन्ही केले होते. आई, तू दुपारभर बसून एकेक फोड सोलून बिया काढायचीस आणि आम्ही त्याला तुझी हौस म्हणायचो.

यंदा म्हणून तुझ्याच रीतीने करणार आहे. फोडी पापुद्रा काढून स्वच्छ करायच्या, मिक्सरला हात लावायचा नाही. तुपावर लवंगा टाकून तांदूळ परतायचे आणि भात मोकळा, पण नेहमीपेक्षा एक कण जास्त शिजवायचा. पाक पडला की शिते कडक होतात, आणि मग ती बाबांना चावत नाहीत. साखरेचा पाक अर्ध्या पाण्यात करून, गॅस बंद केल्यावर त्यात ताजा पिळलेला रस घालायचा. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून घ्यायचा, पांढरा येऊ द्यायचा नाही, आणि तो एकदा उकळत्या पाण्यातून काढायचा. फोडी अगदी शेवटी, भात खाली उतरवल्यावर पसरायच्या. भाताच्या उबेने त्यांचा गारठा जातो, तेव्हा तुझ्या दातांचीही सोय होते. पाक किती तारी असावा, हे मात्र तुझ्या चिठ्ठ्यांत कुठे सापडले नाही. एकतारी असावा असा माझा अंदाज आहे. तू ओट्याजवळ खुर्ची टाकून बस आणि बोटात धरून सांग.

बाबांच्या साखरेचा हिशेब मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे तसा नुसता रस कोणत्याही रूपात प्यायला मिळणार नाही. संक्रांतीच्या दिवशी बाबांच्या पानात साधा भात नसेल. त्याऐवजी नैवेद्याच्या छोट्या वाटीने पाडलेली संत्र्याच्या भाताची एकच मूद असेल, आणि गुळाच्या पोळीचा चतकोर. मूद लहान दिसली म्हणून आईकडे पाहू नये, तिने तुमच्या बाजूने बोलायचे नाही असे आमचे ठरायचे आहे. पंचामृत आणि रायते डावीकडे, चमचा-चमचा. ते पुन्हा मागितले तरी चालेल.

सासवडचे अंजीर बाजारात येऊ लागले आहेत. बासुंदीत ताजे अंजीर घालण्याचा माझा बेत होता, पण त्याच्या चिकाने दूध फाटते. काही देशांत चीजसाठी दूध विरजायला तोच चीक वापरत आले आहेत. तेव्हा अंजीर वेगळ्या ताटलीत, साल काढून, उभे चिरून ठेवीन. दिवाळीतल्या सीताफळाचा गर फ्रीझरमध्ये एक डबा शिल्लक आहे. तो तापवला की कडवट होतो, म्हणून बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच त्यात जाईल, आणि बाबांना दोन चमचे.

आता एक अडचण. संत्र्यांचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीचा तोडा, आता संपत आला आहे आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारीशिवाय येणार नाहीत, म्हणजे संक्रांत नेमकी दोन्हींच्या मध्ये सापडते. पेटीतली फळे तोवर टिकतील की नाही याची मला खात्री नाही. आताच काहींची साल सैल पडली आहे आणि आतून ती कोरडी निघण्याची भीती वाटते. बाबांनी ओळखीच्या बागवानाकडून आंबियाची शेवटची दहा-बारा फळे निवडून आणावीत. मोठी नकोत. मध्यम, हाताला जड लागणारी, देठाजवळ घट्ट असलेली घ्यावीत, आणि गाडीत पायाशी ठेवण्याऐवजी वेताच्या टोपलीत घालून आईच्या बाजूला ठेवावीत. मूद पाडायची पितळी वाटीही सोबत आणा; माझ्याकडच्या स्टीलच्या वाटीला भात चिकटतो.

परतीचे तिकीट इतक्यात काढू नका. महाशिवरात्रीला कवठाची चटणी लागते, आणि कवठ जमिनीवर आपटून पिकले की नाही हे सांगणारे बाबांसारखे कान इथे कोणाचे नाहीत.

तुमची,
धाकटी