मराठी ईमेल फुटतो, त्याचा इलाज पाठवणाऱ्याकडेच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीतला ईमेल उघडावा आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसाव्यात, हा अनुभव आपल्या बऱ्याच वाचकांना आला असेल. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना असते, विम्याच्या हप्त्याची आठवण असते, शाळेचे परिपत्रक असते. अशा वेळी लोक स्वतःच्याच फोनला दोष देतात. ज्येष्ठ मंडळी शेजारच्या मुलाला बोलावतात, तो सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलून पाहतो, काही होत नाही. होणारही नसते. छपाई आणि संगणक यांच्या कामात माझे आयुष्य गेले आणि आता गावातल्या वाचनालयाचा पत्रव्यवहार मी पाहतो, म्हणून खात्रीने सांगतो: प्रश्नचिन्हे आली, म्हणजे तुमची अक्षरे तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच पुसली गेली आहेत. ती परत आणणारे ॲप जगात नाही.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षर साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संचात देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे आणि तिथे ‘म’चा क्रमांक २३५० आहे. जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचांत मात्र क्रमांक जेमतेम २५६. आता एखाद्या संस्थेच्या डेटाबेसमध्ये सभासदाचे नाव साठवण्याचा रकाना अशा जुन्या संचावर बेतलेला असेल, तर २३५० हा क्रमांक त्यात मावतच नाही. यंत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होते. ‘म’ गेला, ‘र’ गेला, सगळेच गेले. मेल पाठवणारा कर्मचारी पडद्यावर मराठी मसुदा पाहत असतो, त्याला याचा पत्ताही लागत नाही. बिल, पावती, सूचना असे यंत्राने आपोआप पाठवलेले मेल सर्वाधिक फुटतात ते यामुळे. डेटाबेसचा तो रकाना युनिकोडचा करणे हे जाणत्या प्रोग्रामरसाठी मोठे काम नाही, फक्त कोणीतरी ते त्याला सांगायला हवे.

दुसरा प्रकार दिसायला याहून भयंकर, पण औषध असलेला. युनिकोडचा मजकूर पाठवताना तो बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने बांधतात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे साठवणुकीचे तीन लहान तुकडे होतात. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणून पंधरा बाइट. हे बाइट वाटेत शाबूत राहतात, फक्त ‘हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे’ ही चिठ्ठी मेलच्या शीर्षभागात लावायची राहून जाते. मग वाचणारा प्रोग्राम एकेका बाइटला एकेक पाश्चात्त्य अक्षर समजतो आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ए पुन्हा पुन्हा दिसू लागतो, मधूनच जपानी येनचे चिन्ह डोकावते. असा मेल आला तर तो पुसू नका. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, आउटलुक या दुसऱ्या प्रोग्राममध्ये एन्कोडिंग, म्हणजे मजकूर बांधण्याची पद्धत, बदलून यूटीएफ-८ निवडता येते, आणि मराठी पूर्ववत उभी राहते. मात्र तो मेल तसाच दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका, कारण त्यात विस्कटलेला मजकूरच कायमचा गोठण्याची भीती असते. दाखवायचाच असेल, तर मूळ मेल फाइल म्हणून जोडून पाठवावा.

विषयाच्या ओळीचे दुखणे वेगळे असते. मेलच्या वाहतुकीचे १९८२ चे नियम निव्वळ इंग्रजीच्या १२८ चिन्हांसाठी होते. १९९२ मध्ये माइम हे मानक आले, तेव्हापासून इतर लिप्या सुखरूप नेण्याची सोय आहे. विषयाच्या ओळीत मराठी लिहायचे तर ती रोमन चिन्हांत गुंडाळून न्यावी लागते आणि अशा एका गुंडाळीची लांबी ७५ चिन्हांपलीकडे जाऊ द्यायची नसते. ओळ लांब असली की दोन-तीन गुंडाळ्या होतात. निष्काळजी प्रोग्राम नेमके एका अक्षराच्या तीन बाइटच्या मधोमध कात्री चालवतो, आणि मग एरवी स्वच्छ असलेल्या ओळीत काळ्या चौकटीतले पांढरे प्रश्नचिन्ह उगवते. ही चूक मी अगदी महागड्या, नावाजलेल्या सेवांमार्फत आलेल्या मेलमध्येही पाहिली आहे.

जुन्या फॉन्टांबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण ते खरे तर पडद्यावर दिसण्याचे दुखणेच नव्हे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केले, तर आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही रोमन अक्षरेच साठवलेली असतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की तीच उघडी पडतात. परिवर्तक प्रोग्रामने ती युनिकोडमध्ये आणता येतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागच्या जागी बसले का, हे डोळ्यांनी तपासावेच लागते. छापखान्यांत या फॉन्टांनी एके काळी मराठीची मोठी सेवा केली, ते ऋण मी विसरत नाही. पण केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक जाहीर केले त्याला २००९ पासून इतकी वर्षे लोटली, तरी जुन्या फॉन्टमधले अर्ज मेलला जोडून अजून येतात.

आमच्या गावाचे नावही या गोंधळातून सुटलेले नाही. ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टाइप होते. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेल्या जातीचा, ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही दिसतात सारखी, पण एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. काही प्रणाली अदृश्य चिन्हे नकोत म्हणून काढून टाकतात आणि मग गावाच्या डोक्यावर रफार चढून ‘कर्हाड’ होते. पत्त्यांच्या याद्या करणाऱ्यांनी पहिली तऱ्हाच वापरावी.

मला खरे दुःख आहे ते यावर निघणाऱ्या तोडग्याचे. एका संस्थेचे मेल वाचनालयाकडे प्रश्नचिन्हांत येत होते. आम्ही लेखी कळवले. पुढचा मेल अगदी स्वच्छ आला, इंग्रजीत! दोष दूर करण्याऐवजी भाषाच दूर केली आणि तक्रार निकाली काढली. दुसरीकडे मराठी मजकुराचे चित्र करून पाठवतात. दृष्टिहीन सभासद पडदावाचक प्रोग्रामने मेल ऐकतात, त्यांच्यासाठी ते चित्र म्हणजे कोरा कागद. शिवाय त्यातला एक शब्दही पुढे शोधता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पत्र वाचता येईल असे पाठवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. ती वाचकाच्या गळ्यात घालू नये आणि मराठीच्याही घालू नये.

त्यासाठी पतसंस्था, नगरपालिका, शाळा, विमा कचेऱ्या यांनी मेलसेवेचा करार करतानाच मराठी मजकुराच्या चाचणीची अट घालावी आणि चाचणी होईपर्यंत शेवटचे देयक अडवून ठेवावे. कचेरीतल्या आउटलुकमध्ये इंटरनॅशनल ऑप्शन्समध्ये जाऊन बाहेर जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ कायम करावे. मेलसोबत जोडलेल्या याद्याही पाहाव्यात. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, नुसती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर अनेकदा नावांचा चुराडा होतो. डेटा मेनूतून आणून यूटीएफ-८ निवडले, तर तीच नावे नीट दिसतात.

वाचकांनीही फुटलेला मेल निमूटपणे पुसू नये. पडद्याचा फोटो जोडून पाठवणाऱ्याला कळवावे आणि ‘मराठीतच पुन्हा पाठवा’ असे स्पष्ट लिहावे. आपल्या दैनिकाने या विषयावर एक सविस्तर लेख छापला, तर हे काम करणाऱ्या तरुण प्रोग्रामरांपर्यंत तो पोहोचेल.

चाचणीसाठी मी एक वाक्य वापरतो, कोणीही वापरावे. जोडाक्षरे, ऱ, ळ आणि २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलेले रुपयाचे चिन्ह त्यात आहे. शिवाय युनिकोडला २००८ मध्ये मिळालेला आणि जुन्या यंत्रांवर नुसता चौकोन होऊन बसणारा ॲ आहे. विषयाच्या ओळीत, मजकुरात, पाठवणाऱ्याच्या नावात आणि जोडलेल्या फाइलमध्ये हे वाक्य घालून तीन-चार वेगवेगळ्या सेवांच्या पत्त्यांवर आणि एका जुन्या फोनवर पाठवून पाहावे: ‘कऱ्हाडच्या ॲडव्होकेटने त्र्यंबकेश्वरच्या यज्ञाला ₹ ५०० आणि दोन किलो गूळ दिला.’

आपला,
एक वाचक, कऱ्हाड