घाटावरच्या झाडूवाल्या बायांसाठी एक अर्ज

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या पंचवटीत राहतो. दर एकादशीला पहाटे आमचं भजनी मंडळ रामकुंडाजवळ बसतं. आम्ही टाळ काढायच्या आधीच बाया पायऱ्या झाडत असतात. निर्माल्य, फुटलेल्या तसबिरींच्या काचा, दिव्यांचं तेल, सगळं उघड्या हातांनी. एकीला ठेकेदाराकडून हातमोजे मिळाले, तेही दोन्ही डाव्या हाताचे. तिने एक तसाच उजव्यात घातला. अंगठा काही बसेना.

म्हणून वैशाखापासून भजन संपलं की आम्ही फलक धरून तासभर गप्प बसतो. घोषणा नाहीत, रस्ता अडवणं नाही. बसायची रीत याच गावाने शिकवली. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. देवळाची दारं बंद झाली, रामनवमीच्या रथावेळी दगड खाल्ले, तरी दादासाहेब गायकवाडांनी ती चळवळ वर्षानुवर्षं चालवली. दार उघडलं नाही ते नाहीच. १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आम्ही टाळकरी मंडळी हे सोयीस्करपणे विसरतो, मीही त्यातलाच.

आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. रस्ते, पूल, साधुग्राम, सगळ्याची चर्चा आहे. गर्दी पांगल्यावर मागचं उचलणार कोण, हे विचारलं की 'ठेकेदार बघेल' म्हणतात. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. गटारात माणूस मेला तर कुटुंबाला ३० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावरचा दर ठरला, साहेब. जिवंतपणीच्या गमबुटांचं काय?

मागणं मोठं नाही. प्रत्येक कामगाराचं नाव हजेरीपटावर हवं, मजुरी थेट खात्यात, मापाचे हातमोजे आणि गमबूट. आणि एक खोली. स्नान करणाऱ्यांसाठी रामकुंडावर वस्त्रांतरगृह बांधलं. घाट झाडणारीला मात्र ओलं लुगडं अंगावरच वाळवावं लागतं.

येत्या एकादशीला पहाटे पाचला या. ताफा पंचवटीतल्या मालेगाव स्टँडलाच थांबवा आणि उतार चालत उतरा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, जपून. आमच्या शेजारी सतरंजीवर जागा ठेवतो.

आपला,
पंचवटीतला एक टाळकरी