बांधाचं भांडण आणि खोटं वाक्य

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘हे वाक्य खोटं आहे’ हा नुसता शब्दांचा खेळ, त्याला अर्थच नाही, असं लिहून तू मोकळा झालास. मला ते पटत नाही. अर्थ नसता तर आपण अडकलो कशात? खरं मानलं की ते खोटं ठरतं, खोटं मानलं की खरं ठरतं, हे कळतं ते अर्थ कळतो म्हणूनच ना?

दोन भावांचं बांधावरून भांडण आहे असं धर. धाकट्याने बांधाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. दोन खऱ्या, दोन खोट्या. थोरला एवढंच म्हणाला, ‘बांधाबद्दल हा जे बोलतो त्यातलं निम्म्याहून जास्त खोटं.’ शेवटी वैतागून धाकटा पाचवं वाक्य बोलला, ‘बांधाबद्दल दादा बोलतो ते सगळं खरं!’ आता थोरल्याचं खरं मान. मग धाकट्याचं पाचवंही खरं, म्हणजे तीन खरी नि दोनच खोटी. थोरला खोटा पडला. बरं, थोरल्याचं खोटं मान. मग पाचवं खोटं, खोटी झाली तीन, आणि थोरला खरा ठरला.

वाक्यं किती साधी आहेत बघ. कुणीही थेट स्वतःच्या वाक्याबद्दल बोललेलं नाही. धाकट्याच्या पहिल्या चार गोष्टींतल्या तीन खोट्या असत्या, तर या शब्दांना धक्काही न लावता सगळं सुरळीत जुळलं असतं. म्हणजे गुंता व्याकरणात नाही. बांध मुळात कुठे होता, कुणी तो सरकवला, यावर तो अवलंबून आहे. मग वाक्य पाहूनच ‘हे निरर्थक’ असं ठरवणार कसं? सॉल क्रिप्की या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली हेच दाखवलं. त्याच्या उदाहरणात अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन आणि त्याला भोवलेलं वॉटरगेट प्रकरण आहे, मी बांध घेतला.

त्याच्या आधी टार्स्की या तर्कशास्त्रज्ञाने भाषेचे थर पाडले होते: एका थरातल्या वाक्यांचा खरेखोटेपणा वरच्या थरातून सांगायचा. गणितात हे चोख चालतं. पण ते दोघे भाऊ एकमेकांच्या बोलण्याबद्दल बोलतायत, त्यांनी कुठल्या थरावर उभं राहून भांडायचं?

आपल्याकडे भर्तृहरी या व्याकरणकाराने ‘वाक्यपदीय’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या कांडात ‘मी बोलतो ते सगळं खोटं’ हे वाक्य घेतलंय. पुणे विद्यापीठाने १९६५ साली काढलेली अभ्यंकर-लिमयांची आवृत्ती मिळाली तर जरूर बघ. तो म्हणतो, बोलणाऱ्याला त्या ‘सगळं’मध्ये हे वाक्य धरायचंच नसतं, धरलं तर त्याला सांगायचं तेच पोचणार नाही. सुमारे पाचव्या शतकातला माणूस बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय सांगायचंय यावर, बोट ठेवतो, याने मी फार भारावलो. तरी माझं पूर्ण समाधान होत नाही. ‘हे वाक्य खोटं आहे’ यातून ते वाक्यच वगळलं, तर बोलायला उरतं काय?

म्हणून मी क्रिप्कीच्या बाजूला झुकतो. वाक्याला अर्थ असतो, तरी त्याचा खरेखोटेपणा शेवटी वाक्याबाहेरच्या कशावर तरी टेकावा लागतो. तसं टेकायला काही मिळालं नाही, तर वाक्य अर्थपूर्ण असूनही खरंही नाही नि खोटंही नाही.

आता तू ‘हे वाक्य खरं आहे’ हे घे. खरं मान, काही बिघडत नाही. खोटं मान, तरीही बिघडत नाही. विसंगती कुठेच नाही, आणि निकालही लागत नाही. यालाही तू निरर्थक म्हणणार का? सविस्तर लिही.

तुझा,
नंदू