लागणीचा सत्कार झाला, आता खोडव्याचं बघा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

येत्या १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होतील. मागच्या वेळी, हांगझोऊला, कंपाऊंड तिरंदाजीची, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याच्या प्रकाराची, पाचही सुवर्णपदकं भारताने आणली होती. महिला संघाचं सुवर्ण आलं ते २३०-२२९ असं, एका गुणाने. यंदा आपला संघ तिथे जातो आहे तो हे सगळं राखायला. आणि विजेतेपद राखण्याचा खर्च आपल्या क्रीडा खात्याच्या कुठल्या रकान्यात बसतो, हा माझा प्रश्न आहे.

साताऱ्यातून हा प्रश्न विचारायला जागा आहे. शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक विजेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराविरुद्ध १४९-१४७. म्हणजे पंधरा बाणांपैकी चौदा दहाला आणि एकच नवाला. भारताला तिरंदाजीत वरिष्ठ गटाचं वैयक्तिक जागतिक विजेतेपद त्याआधी मिळालेलं नव्हतं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारून पुरुषांचंही आणलं. साताऱ्याचाच पार्थ साळुंखे त्याच वर्षी आयर्लंडमध्ये लिमरिकला रिकर्व्हचा, म्हणजे बिनचाकाच्या धनुष्याचा, युवा जागतिक विजेता झाला. इथे फ्लेक्स लागले, फटाके वाजले, पुढाऱ्यांनी हार घातले. ते व्हायलाच हवं होतं.

मिरवणूक कशी काढायची हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कराडकरांनी बैलगाड्या जुंपून त्यांना गावात नेलं होतं. त्यांना तिकडे पाठवायला पैसेही लोकांनीच जमवले होते, पण तो विषय आज उगाळत नाही.

तर बर्लिननंतरचं सांगतो. २०२४ मध्ये शांघाय, येचॉन आणि अंताल्या अशा लागोपाठ तीन विश्वचषक स्पर्धांत ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती या तिघींनी सांघिक सुवर्ण घेतलं. साताऱ्यात हे किती जणांना ठाऊक आहे? फ्लेक्स तर एकही दिसला नाही. मग २०२५ च्या सप्टेंबरात कोरियात ग्वांगजूला पुढची जागतिक स्पर्धा झाली. आपल्या पुरुष संघाने, म्हणजे ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांनी, सुवर्ण जिंकलं. मात्र बर्लिनचे दोन्ही वैयक्तिक विजेते त्या वेळी भारतीय संघात नव्हते. याबद्दल माझी तक्रार नाही. निवड चाचणी म्हणजे चाचणी, तिथे जुन्या पदकाला गुण मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. मी बोलतो आहे ते एका जागतिक स्पर्धेपासून पुढच्या चाचणीपर्यंतच्या काळाबद्दल, ज्या काळात खेळाडूच्या घरी कुणी हार घेऊन येत नाही.

मी पी.टी.चा मास्तर होतो, आता निवृत्त आहे, आणि ओळखीतली काही मुलं कंपाऊंड मारतात म्हणून सकाळी मैदानावर जाऊन बसतो. साहेब, पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ असतं आठ सेंटिमीटरचं. पोरगं नवीन असतं तेव्हा त्याचे बाण टार्गेटभर पसरतात, खर्च फारसा होत नाही. ते तयार झालं की तिन्ही बाण त्या आठ सेंटिमीटरमध्ये जायला लागतात, आणि मग बाण बाणावर आदळतात. मागची प्लॅस्टिकची नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी खाच, फुटते, कधी कार्बनची नळीच चिरते. चिरलेला बाण पुन्हा मारायचा नाही, सुटताना तुटला तर त्याची कुसं हातात घुसतात. म्हणून मुलं प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून, कानाशी धरून करकरतो का बघतात, आणि करकरला की बाजूला टाकतात. नेम जितका चांगला तितकी मोडतोड जास्त. त्यात दोरी आणि केबल ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. एका डझन चांगल्या बाणांत शिक्षकाच्या पगाराचा मोठा लचका जातो, आणि पूर्ण संच घ्यायचा तर हिशेब लाखांत. अदितीचे वडीलही शिक्षकच आहेत, हे इथे मुद्दाम सांगतो.

म्हणजे विजेता झाल्यावर खर्च वाढतो, आणि आपल्याकडे मदत येते ती एकदाच, पदकाच्या बदल्यात. तीही वेळेवर येईल असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बक्षिसाचा धनादेश एका कार्यालयात इतका रखडला की तोवर तिने खेळ बदलला.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात करगणी आहे. तिथला सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडला आणि त्याचा डावा हात कायमचा अधू झाला. तो गोळाफेकीत एफ-४६ या हाताने अधू खेळाडूंच्या गटात २०२३ ला पॅरिसमध्ये जागतिक विजेता झाला, १६.२१ मीटर. पुढच्याच वर्षी जपानमध्ये कोबेला त्याने ते विजेतेपद राखलं, १६.३० मीटर. नऊ सेंटिमीटर वाढले. त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ फेकला आणि रौप्य मिळालं, कारण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा गोळा १६.३८ ला पडला होता. या पातळीवरची वाढ अशी बोटांनी मोजायची असते. ती कशातून येते? आहार, फिजिओ, व्हिडिओ बघून चुका दाखवणारा माणूस, परदेशात आधी पोचून हवेची सवय करून घेणं. यातलं एकही मिरवणुकीतून मिळत नाही.

आपण उसाच्या पट्ट्यातले लोक आहोत, म्हणून एक उदाहरण देतो. लागणीचा ऊस भरघोस आला की पुष्कळ शेतकरी खोडव्याकडे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाकडे, दुर्लक्ष करतात. बुडखे छाटत नाहीत, खत वेळेवर देत नाहीत, आणि वजन घटलं की रान खराब झालं म्हणतात. आपलं क्रीडा धोरण गतविजेत्यांना नेमकं तसंच वागवतं.

मागणं फार नाही. ज्या खेळाडूकडे जागतिक किंवा आशियाई विजेतेपद आहे, त्याला पुढच्या स्पर्धेपर्यंतचा सरावखर्च दर वर्षी आगाऊ द्या, पावत्या नंतर तपासा. पैसे बक्षिसाच्या खात्यातून नकोत, वेगळे ठेवा. तो संघात निवडला गेला नाही म्हणून ते बंद करू नका, कारण नेमकी तेव्हाच घरची माणसं म्हणतात की बास झालं आता, नोकरीचं बघ. नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, छानच, पण नेमणूक झालेल्याला सकाळचा सराव करून अकराला यायची मुभा साहेबाच्या मर्जीवर नसावी, लेखी असावी.

आणि छप्पर. इथे पाऊस लागला की आठवडाभर उघडत नाही आणि वारं किल्ल्याकडून आडवं येतं. मी जिथे बसतो तिथे मुलं टार्गेटवर प्लॅस्टिक ओढून, अंगावर रेनकोट घालून उभी असतात. नेम धरणारा कोरड्यात उभा राहील एवढा पत्रा तरी टाकून द्या. बाण भिजले तर भिजू देत.

कंपाऊंड मिश्र सांघिक प्रकार २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच येतो आहे. तेव्हा या खेळाडूंकडे सगळ्यांचं लक्ष जाईलच. निर्णय त्याच्या आधी घ्या. शक्य झालं तर नागोयाच्या निकालाआधीच, म्हणजे त्याला पुन्हा बक्षिसाचं रूप येणार नाही.

पत्राची प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना दिली आहे. उत्तर साध्या टपालाने आलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा